‘अंडरस्टाफ्ड’ म्हणजे नेमके काय?



‘अंडरस्टाफ्ड’ हे इंग्रजी विशेषण कार्यालयाला, दवाखान्याला वा शाळेला लागते. कामाच्या मानाने तेथे माणसे अपुरी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मराठी पत्रव्यवहारात मात्र त्याऐवजी बहुधा ‘पदे रिक्त आहेत’ असे लिहिले जाते, आणि घोटाळा येथेच होतो. रिक्त पद म्हणजे मंजूर असून न भरलेले पद. सर्व पदे भरलेली असूनही संस्था अंडरस्टाफ्ड असू शकते. ‘माणसं पुरत नाहीत’ हे बोलीतले वाक्य मूळ अर्थाच्या अधिक जवळचे आहे. पण टिपणीत ते कोणी लिहीत नाही.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांचा गाळप हंगाम आला की बीड व इतर जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात, कोप्या उभ्या राहतात. त्यांत शाळेच्या वयाची मुले असतात, गरोदर स्त्रिया असतात. शाळेची संचमान्यता साधारणतः ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरते. टोळ्या येतात त्यानंतर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या मुलांना वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. त्याच कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक व ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक हवेत. समजा, सप्टेंबरात ५५ चा पट होता आणि डिसेंबरात ७५ मुले बसली. तिसरा शिक्षक आवश्यक झाला, परंतु कागदावर एकही पद रिक्त नाही! आरोग्य उपकेंद्राचेही तेच. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र, हा निकष हंगामी वस्तीने बदलत नाही. आरोग्यसेविकेचे लसीकरणाचे काम मात्र वाढते.

म्हणून ग्रामपंचायतीने ‘कर्मचारी कमी आहेत’ एवढाच ठराव केल्यास ‘पदे भरलेली आहेत’ असे उत्तर येते, आणि ते खोटेही नसते. ठरावात मंजूर पदे, भरलेली पदे व प्रत्यक्ष काम हे तिन्ही आकडे असावेत. पद रिक्त असेल तर तसे लिहून ते भरण्याची मागणी करावी. पदे भरलेली असतील तर ‘वाढलेल्या कामास कर्मचारी अपुरे’ असे लिहून हंगामापुरता शिक्षक वा आरोग्यसेविका मागावी. कोप्यांतील मुलांची संख्या टोळीच्या मुकादमाकडून टोळी उतरताच घ्यावी आणि मागणी डिसेंबरच्या आत तालुक्यास पोचवावी. मार्चच्या सुमारास कोप्या उठू लागतात.