मातीतून उठलेली अस्मिता: शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज



आज आम्ही आपल्यापुढे एका काळ्या मुलीची हकीकत मांडणार आहोत. ही मुलगी आपल्या देशातली नाही. ती अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जन्मली आणि न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मोठी शिल्पकार झाली. मग आजच्या सभेत तिची आठवण कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आधीच देतो.

बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या विद्यापीठाला लागूनच हार्लेम आहे. पुढे 1946 साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डॉ. डु बॉइस यांना पत्र लिहिले. आपण निग्रोंच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत, असे त्या पत्रात बाबासाहेबांनी नमूद केले होते, आणि अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. त्या काळी त्या समाजाला निग्रो असेच म्हणत. याच डु बॉइस यांनी 1923 साली एका गरीब तरुणीवर झालेल्या अन्यायासाठी लेखणी उचलली होती. तिचे नाव ऑगस्टा सॅव्हेज. म्हणजे ही हकीकत आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

ऑगस्टाचा जन्म 29 फेब्रुवारी 1892 चा, फ्लोरिडातील ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या गावचा. चौदा भावंडांत ती सातवी. गावात विटांचा धंदा होता आणि लाल चिकण माती पायाखाली मुबलक होती. इतर पोरे तिचे लाडू वळत तेव्हा ही बदके आणि कोंबड्या घडवी. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. मूर्ती घडवणे म्हणजे धर्माज्ञा मोडणे, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे ते तिला आठवड्यातून चार-पाच वेळा बडवून काढीत. त्या मारामुळे आपल्यातली कला जवळजवळ निघूनच गेली होती, असे ती पुढे सांगत असे.

मित्रहो, या बापाला आम्ही दुष्ट म्हणणार नाही. तो आपल्या समजुतीप्रमाणे मुलीचे भलेच करीत होता. आपल्या घरांतूनही असे बाप आहेत. मुलगी चित्र काढते म्हणजे वेळ फुकट घालवते, अभ्यास सोडून कागद खराब करते, असे म्हणणारे आपणच आहोत. आम्हीही एके काळी आमच्याच घरात हे बोललो आहोत, आणि आज त्याची लाज वाटते.

1915 साली हे कुटुंब वेस्ट पाम बीच येथे राहावयास गेले. तिथे माती नव्हती, म्हणून तिची कला थांबली. एके दिवशी तिला एका कुंभाराचे दुकान दिसले. तिने मागितली आणि त्याने माती दिली. त्या मातीतून तिने मेरीमातेची मूर्ती केली. ती पाहून वडिलांचे मन पालटले. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिला दिवसाला एक डॉलर देऊन मुलांना मातीकाम शिकवायला लावले. 1919 साली तिथल्या जत्रेतील प्रदर्शनात तिला पंचवीस डॉलरचे बक्षीस मिळाले. माणसाला आपली ओळख पटायला कधी कधी एवढेसे निमित्त पुरते.

मात्र तिचे संसाराचे गाडे सरळ चालले नव्हते. पंधराव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी आयरीन नावाची मुलगी, आणि थोड्याच काळात वैधव्य. दुसरे लग्न सॅव्हेज आडनावाच्या सुताराशी झाले, तेही टिकले नाही. इंग्रजीत या आडनावाचा अर्थ 'रानटी' असा होतो. गोरा समाज ज्या शब्दाने काळ्यांना हिणवीत असे, तोच शब्द हिच्या नावाला चिकटला. घटस्फोटानंतरही तिने ते नाव टाकले नाही. त्याच नावाने ती शिल्पकार म्हणून ओळखली गेली.

1921 साली ती न्यूयॉर्कला पोहोचली तेव्हा तिच्याजवळ चार डॉलर साठ सेंट होते. मुलीला तिने आईवडिलांकडे ठेवले होते. आई होऊन मुलीपासून दूर राहणे हे तिला किती जड गेले असेल, याचा विचार आपल्यातल्या माताभगिनींनी करावा. कूपर युनियन ही त्या काळी फी न घेता शिकवणारी संस्था होती. तिथे प्रवेशासाठी थांबलेल्या 142 जणांच्या आधी तिला घेण्यात आले. पोटासाठी ती काम करी. ते काम सुटले तेव्हा संस्थेनेच तिच्या खाण्याराहण्याचा खर्च उचलला. चार वर्षांचा अभ्यासक्रम तिने तीन वर्षांत पुरा केला.

आता 1923 सालची गोष्ट. फ्रान्समध्ये फाँतेनब्लो येथे अमेरिकन विद्यार्थिनींसाठी उन्हाळी कलाशाळा भरणार होती. ऑगस्टाने अर्ज केला. निवड समितीला ती काळी असल्याचे कळले आणि अर्ज नाकारला गेला. कारण काय दिले? दक्षिणेकडील गोऱ्या मुलींना तिच्याबरोबर प्रवास करणे आणि राहणे अवघड वाटेल! तिच्या कामात खोट काढलेली नव्हती. तिच्याजवळ बसण्याची अडचण होती. बंधू-भगिनींनो, हे कारण आपल्याला नवे आहे काय? वर्गाबाहेर बसून शिकलेल्या, पाण्याच्या माठाला हात लावू न दिलेल्या पिढीची आपण लेकरे आहोत. भाषा इंग्रजी असली तरी विटाळ तोच.

ऑगस्टा गप्प बसली नाही. तिने वर्तमानपत्रातून सवाल केला. तिचा भाऊ महायुद्धात फ्रान्समध्ये लढायला गेलेल्या पलटणीत चालला. मग ज्या देशासाठी भाऊ लढला त्या देशात शिकायला बहीण का चालत नाही? डु बॉइस यांनी तिच्यासाठी पत्रव्यवहार केला. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. समितीने निर्णय बदलला नाही. मात्र समितीतील हर्मन मॅकनील या शिल्पकाराने तिला आपल्याकडे शिकायला बोलावले. समितीत बसूनही मन जागे असलेला एक माणूस निघाला, याचीही नोंद ठेवली पाहिजे. पण तिला किंमत मोजावी लागली. भांडखोर म्हणून तिचे नाव झाले. न्यायासाठी तोंड उघडणाऱ्या स्त्रीला ही पदवी सगळीकडे फुकट मिळते.

त्याच सुमारास तिने एका ग्रंथालयासाठी डु बॉइस यांचा अर्धपुतळा केला. मार्कस गार्वे यांचाही केला. गार्वे यांच्या चळवळीतला रॉबर्ट पोस्टन नावाचा कार्यकर्ता तिच्या आयुष्यात आला. 1923 च्या ऑक्टोबरात दोघांचे लग्न झाले. या लग्नात दोघांना बांधणारा एक धागा होता, समाजाच्या स्वाभिमानाचा. चळवळीच्या कामासाठी पोस्टन आफ्रिकेतील लायबेरियाला गेले आणि 1924 च्या मार्चमध्ये परतीच्या प्रवासात बोटीवरच न्यूमोनियाने वारले. सहा महिनेही संसार झाला नाही. त्यानंतर तिने लग्न केले नाही.

आम्हाला या ठिकाणी तरुण मुलींना काही सांगावेसे वाटते. प्रेम मिळाले नाही, किंवा मिळून गेले, म्हणजे आयुष्य संपले असे ऑगस्टाने मानले नाही. ती वाफेच्या लाँड्रीत कपडे धूत राहिली. रोममध्ये शिकण्याची संधी आली. फी माफ होती, पण बोटीचे भाडे आणि राहण्याचा खर्च जमला नाही. 1928 च्या वादळात फ्लोरिडातले घर गेले तेव्हा आईवडील आणि भावंडे हार्लेममधील तिच्या लहानशा बिऱ्हाडात आली. ज्या बापाने माती घडवते म्हणून मारले, त्याच बापाला तिने सांभाळले. प्रेमाचा हाही एक प्रकार आहे, आणि तो सोपा नाही.

1929 साली तिने एका मुलाचा अर्धपुतळा केला. नाव 'गॅमिन', म्हणजे रस्त्यावर वाढलेले पोर. नमुना म्हणून तिचा भाचा बसला होता, असे सांगतात. तिरकी टोपी, चुरगळलेला सदरा, आणि डोळ्यांत असे काही की वय दहा-बाराचे आणि समज मोठ्या माणसाची. त्या काळी अमेरिकेत काळ्या माणसाचे चित्र म्हणजे जाड ओठांची हसणारी टवाळी असे. ऑगस्टाने आपल्या गल्लीतले पोर घेतले आणि ते जसे होते तसे, माणूस म्हणून घडवले. आमच्या मते तिला स्वतःचा शोध इथे लागला. ती फ्रान्सला जाऊन कला शोधणार होती. कला तिच्या दारात उभी होती. पुतळा प्लास्टरचा होता, वरून ब्राँझसारखा रंग दिलेला, कारण ब्राँझ परवडत नव्हते. याच कामावर तिला रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाली. हार्लेमच्या लोकांनीही वर्गणी गोळा केली आणि ती पॅरिसला गेली. सहा वर्षांपूर्वी जे दार बंद झाले होते, ते तिच्या लोकांच्या पैशाने उघडले.

परत आल्यावर 1932 च्या सुमारास तिने हार्लेममध्ये शिकवणी सुरू केली. इथून पुढे आम्ही तिला बाई म्हणू, कारण आता ती शेकडो मुलांची बाई झाली होती. 1934 साली सॅव्हेजबाई स्त्री चित्रकार-शिल्पकारांच्या राष्ट्रीय संघटनेत निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय सभासद ठरल्या. 1937 साली सरकारी मदतीने हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर उघडले, त्याच्या त्या पहिल्या संचालक. जेकब लॉरेन्स हा गरीब मुलगा सरकारी कलायोजनेत काम मिळावे म्हणून धडपडत होता. बाई त्याला घेऊन कचेरीत गेल्या. वय कमी म्हणून परत पाठवले. बाईंनी ते लक्षात ठेवले, आणि वय भरताच त्याला पुन्हा हाताला धरून नेले. पुढे लॉरेन्स यांनी दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या आपल्या समाजाचे स्थलांतर साठ चित्रांत मांडले आणि जगभर नाव मिळवले. ग्वेंडोलिन नाइट ही तरुण चित्रकर्तीही बाईंचीच विद्यार्थिनी. तिने लॉरेन्सशी लग्न केले आणि दोघांनी आयुष्यभर एकमेकांच्या सोबतीने चित्रे काढली.

1939 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळाव्यासाठी सॅव्हेजबाईंना मोठे शिल्प करायला सांगितले गेले. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या, काळ्या समाजाने आपले राष्ट्रगीत मानलेल्या गीतावरून त्यांनी सोळा फूट उंचीचे शिल्प केले. एक भव्य वीणाच म्हणा ना. तिच्या तारांच्या जागी उभी राहून गाणारी काळी मुले, आणि खाली त्यांना पेलणारा एक विशाल हात. लाखो लोकांनी ते पाहिले. शिल्प प्लास्टरचे होते. ते ब्राँझमध्ये ओतायला पैसे नव्हते, ठेवायला जागा नव्हती. मेळावा संपला आणि यंत्र लावून ते पाडून टाकले. आज त्याची छायाचित्रे आणि आठवण म्हणून विकलेल्या लहान प्रतिकृती तेवढ्या उरल्या आहेत.

शिल्पासाठी रजा घेतली म्हणून केंद्रातली जागाही गेली. 1940 च्या दशकात बाई सॉगर्टीज या गावी जाऊन राहिल्या. कोंबड्या पाळल्या, अळिंबीच्या शेतावर काम केले, मुलांना शिकवले. 1962 साली मुलगी आयरीनजवळ असताना त्यांचा अंत झाला. जिला लहानपणी दूर ठेवावे लागले, तिनेच शेवटी आईचे केले.

कोणी त्यांना विचारले तर त्या म्हणत, आपले खरे स्मारक आपल्या विद्यार्थ्यांच्या कामात राहील. ते खरेच झाले. पण मित्रहो, एवढ्यावर समाधान मानून आपण घरी जाऊ नये. ते सोळा फुटी शिल्प गोऱ्यांच्या यंत्राने पाडले, हे खरे. पण ते वाचवायला लागणारी रक्कमही उभी राहिली नाही, हेही खरे. पॅरिसला पाठवायला जी वर्गणी जमली, ती ब्राँझसाठी जमू शकली नाही. कलावंताला निरोप देताना समाज उत्साही असतो. त्याचे काम जपताना थकतो.

आपल्याकडेही शाहिरांच्या वह्या उंदरांनी खाल्ल्या, जलशांची कवने गाणाऱ्यांबरोबर गेली, वस्तीतल्या भिंतीवर एखाद्या मुलीने काढलेले सुंदर चित्र पुढच्या रंगरंगोटीत पुसले गेले. म्हणून आमची सभासदांना विनंती आहे. दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. त्यात चित्र काढणारी, माती घडवणारी, गाणारी एक मुलगी असू द्या. तिला हार आणि नारळ देऊ नका. रंग द्या, माती द्या, काम करायला एक कोपरा द्या. आणि तिचे काम ठेवायला एक कपाट करा.

आणि विद्यार्थिनींनो, तुम्हाला एवढेच सांगतो. कोणी म्हणेल तुझ्याशेजारी बसणे अवघड आहे, तेव्हा दोष आपल्यात शोधू नका. आपल्या गल्लीतले पोर पाहा. ते घडवा.

जय भीम.