काडतूस : एक शब्द आणि एक राहिलेली माफी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाच मिनिटांत बोला, असं संयोजकांनी बजावलंय. म्हणून आठवणींचं गाठोडं न सोडता मी एकाच शब्दावर बोलणार आहे : काडतूस. मागच्या बाकावरचे दोघे-तिघे आत्ताच हसले. त्यांना ते प्रकरण आठवलं. त्याच्याकडे शेवटी येतो.

आमच्या आजोबांकडे बारा बोअरची बंदूक होती. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून ती बारा बोअर. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार थांबली, पुढे बंदूकही गेली. ट्रंकेत राहिली ती रिकामी काडतुसं. पितळी बूड आणि वर लाल कागदाची नळी. कधीकाळी तिच्यात दारू, मधे पुठ्ठ्याची चकती आणि वर छर्रे भरलेले असत. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले, ते ‘कारतूस’ म्हणत. आजी ‘काडतूस’ म्हणायची. मला वाटायचं, काडी ओढली की उडतं म्हणून काडतूस!

खरं मूळ निघालं पोर्तुगीज. त्यांचा शब्द ‘कार्तुशु’. तो आला इटालियनमधून, आणि त्याच्या मुळाशी आहे ‘कार्ता’, म्हणजे चक्क कागद. याचं कारण साधं आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू मोजून ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची. ऐन लढाईत मोजत कोण बसणार? मग एका बाराची दारू आणि गोळी कागदात गुंडाळून तयार ठेवू लागले. किराणा दुकानातल्या पुडीसारखीच ही पुडी. ती दातांनी फाडायची आणि नळीत रिती करायची. 1857 साली ठिणगी पडली ती याच कागदावरून. त्याला गाईची आणि डुकराची चरबी लावलीय, अशी बातमी शिपायांत पसरली होती. पुढे पितळ आलं, पण नावातला कागद तसाच राहिला.

त्याच मुळापासून कार्ड, चार्ट, कार्टून हे शब्दही झाले. म्हणजे बाईंनी भिंतीवर लावलेला चार्ट, वडिलांची सही घ्यायला आपण घाबरायचो ते प्रगतीचं कार्ड, आणि काडतूस ही एकाच घरातली भावंडं!

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. त्यांचे शब्द मात्र घाट चढून आपल्यापर्यंत आले. पाव, बटाटा, चावी, घमेलं, पगार, तुरुंग हे सगळे त्यांचेच. डचांचीही वेंगुर्ल्याला वखार होती. ते काडतुसाला ‘पात्रोन’ म्हणतात, पण तो शब्द मराठीत रुजला नाही. आज वर्तमानपत्रात ‘दोन जिवंत काडतुसे जप्त’ असं छापून येतं. जीव घेणाऱ्या वस्तूला आपण जिवंत म्हणतो, आणि एखादी तडफदार मुलगी दिसली की कौतुकाने तिलाही काडतूस म्हणतो.

आता ते प्रकरण. सातवीत मी ट्रंकेतलं एक रिकामं काडतूस चोरून वर्गात आणलं. शिट्टीसारखं फुंकलं की छान वाजायचं. तास चालू असताना ते वाजलं. सर वळले, तेव्हा मी ते शेजाऱ्याच्या दप्तरात सरकवलं. छड्या त्याने खाल्ल्या. त्याने माझं नाव सांगितलं नाही. मीही उठून उभा राहिलो नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याने ते काडतूस माझ्या हातात ठेवलं आणि एवढंच म्हणाला, “आजोबांचं आहे ना, जागेवर ठेव.”

मी ते जागेवर ठेवलं नाही. इतकी वर्षं माझ्या टेबलावर आहे. रिकामं काडतूस उडत नाही असं म्हणतात. माझ्यापुरतं ते खरं नाही.

तो मित्र आज तिसऱ्या रांगेत बसलाय. गड्या, सगळ्यांसमोर सांगतो, ते काडतूस माझं होतं. सर, छड्या माझ्या होत्या. मला माफ करा.

काडतूस मी सोबत आणलंय. भाषण संपलं की ते त्याच्या हातात देणार आहे. वाजवायचं की ठेवून द्यायचं, ते त्याने ठरवावं.