प्रदीप भिडे : बातमीमागचा विश्वास

(रत्नागिरी येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तोपर्यंत महाराष्ट्राला बातमी ऐकण्याचे वळण आकाशवाणीने लावले होते. पुणे केंद्रावरून सुधा नरवणे यांच्या आवाजात येणाऱ्या प्रादेशिक बातम्या गावोगावी नेमाने ऐकल्या जात. रत्नागिरीला स्वतःचे आकाशवाणी केंद्र १९७७ मध्ये मिळाले. दूरदर्शनमुळे त्या आवाजाला चेहरा लाभला आणि वृत्तनिवेदकाची जबाबदारी वाढली. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे यांच्यासारख्या गुणी व्यक्तींनी मुंबई केंद्रावरून बातम्या दिल्या. याच परंपरेत प्रदीप भिडे यांनी कित्येक वर्षे वृत्तनिवेदन केले. ७ जून २०२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा घरातीलच एक परिचित आवाज हरपल्याची भावना महाराष्ट्रात व्यक्त झाली.

भिडे यांचा आवाज भारदस्त होता. माहितीपट, जाहिराती आणि समारंभांचे सूत्रसंचालन यांतही तो गाजला. तथापि त्यांची खरी कमाई आवाजापेक्षा संयमाची होती. निवडणुकीचा निकाल असो वा अपघाताचे वृत्त, निवेदकाचा स्वतःचा आनंद अथवा क्षोभ बातमीत मिसळू नये, हे पथ्य त्यांनी पाळले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. मराठी लिपीत ‘च’ एकच, उच्चार मात्र दोन. ‘चार कोटी’ मधील ‘चा’ आणि ‘चारा छावणी’ मधील ‘चा’ निराळे. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य, यांचे लेखन सारखे, उच्चार वेगळे. हा भेद कागद सांगत नाही. तो निवेदकाच्या कानात असावा लागतो. गावांची नावे, परकीय व्यक्तींची नावे, मोठे आकडे, यांत क्षणाची चूकही लाखो श्रोत्यांपर्यंत पोहोचते. शिवाय बातमीपत्र चालू असतानाच नवा कागद हाती येऊ शकतो. तो पूर्वी वाचलेला नसतानाही अर्थ बिघडू न देता वाचावा लागतो.

२००७ मध्ये मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या आल्या. पुढे बातमी प्रत्येकाच्या हातातील मोबाईलवर पोहोचली. वेग वाढला, विश्वास त्या प्रमाणात वाढला, असे म्हणवत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड भागात वीज आणि मोबाईल सेवा कोलमडली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. अशा वेळी धरणाविषयीची एक अफवा पुराइतकीच घातक ठरू शकते. उलट, शांत आवाजातील एक खरी सूचना अनेकांचे प्राण वाचवू शकते.

म्हणून भिडे यांच्या कारकिर्दीचा बोध केवळ वृत्तनिवेदकांपुरता नाही. ग्रामसभेत शासननिर्णय वाचून दाखविणारा ग्रामसेवक, दवंडीचा मजकूर ठरविणारा सरपंच आणि वर्गात प्रकट वाचन शिकविणारा शिक्षक हे सर्व आपापल्या परीने वृत्तनिवेदकच आहेत. आधी खातरजमा, मग स्पष्ट उच्चार, आणि आपल्या मताला बातमीबाहेर जागा, एवढे सांभाळले तरी गावाचा शब्दावरील विश्वास टिकेल.