गुरुजींचा काळा नाग



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्याजवळ मी याच शाळेत रसायनशास्त्राची मुळाक्षरे गिरवली. वाळूवर स्पिरिट ओतून, त्यावर साखर व खाण्याचा सोडा ठेवून ते पेटवीत आणि ज्वाळेतून काळा नाग वर येई. साखरेचा कोळसा होतो, सोड्यातील वायू त्याला फुगवतो, एवढेच ते सांगत. त्या नागाने पुढे मला संशोधनाची वाट दाखवली.

मका किंवा उसाच्या शर्करेपासून पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचे प्लॅस्टिक बनते. खतनिर्मिती केंद्रातील सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानात त्याचे विघटन होते. पेल्यांना ते चालते. परंतु विजेच्या उपकरणांची कवचे करावयाची तर आग आडवी येते. सुमारे २० टक्के प्राणवायूतही ते जळत राहते आणि हवेत तो २१ टक्के आहे. शिवाय त्याचे पेटते थेंब खाली गळतात. ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके पूर्वीपासून होतीच; पण त्यांतील अनेक निसर्गात वर्षानुवर्षे टिकून राहतात. डेकाब्रोमोडायफिनाइल ईथर हे त्यांतलेच एक. २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला. विघटनशील प्लॅस्टिकमध्ये असे द्रव्य घालणे म्हणजे मूळ हेतूवरच पाणी सोडणे होय.

म्हणून आम्ही वनस्पतींकडे वळलो. धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असते. त्याच्या वजनाचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग फॉस्फरसचा. कागद कारखान्यात लाकडाचा लगदा केल्यावर लिग्निन उरते. तापल्यावर फायटिक आम्लातून फॉस्फरिक आम्ले निर्माण होतात व ती लिग्निनचा कोळसा होण्यास साहाय्य करतात. जोडीला नायट्रोजनयुक्त द्रव्य असल्यास त्याचा वायू तो थर फुगवतो. हे आवरण आतल्या प्लॅस्टिकला उष्णतेपासून वाचवते आणि जळाऊ वायू बाहेर पडू देत नाही. हा गुरुजींचाच नाग!

आमचा पहिला नमुना पेटवला, तो आपोआप विझला. आम्ही हर्षभरित झालो. दुसऱ्या दिवशी तोच नमुना वाकवताच बोटांत मोडला. प्लॅस्टिक वितळवताना आम्लाने त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडल्या होत्या. अहवालात विझल्याचे लिहावे, मोडल्याचे गाळावे, असा मोह मला झाला, हे आज कबूल करतो.

तेव्हा शाळेतला एक प्रसंग आठवला. फसलेल्या प्रयोगाचे पान मी वहीतून फाडले होते. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी खळ आणून ते पान मला पुन्हा चिकटवावयास लावले.

मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. त्या नोंदीमुळेच पुढे आम्लाऐवजी त्याचा क्षार वापरण्याचे आम्हांस सुचले आणि मजबुती बरीच टिकली. लिग्निनमुळे येणारा तपकिरी रंग मात्र अजून गेलेला नाही. तोही वहीत आहे.

मित्रहो, 'वनस्पतिजन्य' हा शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. पदार्थाची परीक्षा आगीत, हातात आणि मातीत अशी तिन्ही ठिकाणी व्हावयास हवी. ते चिकटवलेले पान मी जपून ठेवले आहे.