करारात ज्यांचं नाव नव्हतं



2 मे 2023 रोजी अमेरिकेतल्या ‘रायटर्स गिल्ड’च्या साडेअकरा हजार लेखकांनी काम थांबवलं. जिमी फॅलन, स्टीफन कोल्बेर यांचे रात्रीचे कार्यक्रम लगेच बंद पडले. रोजच्या विनोदाला रोज ताजी संहिता लागते. चित्रपटांकडे लिहून तयार असलेलं बरंच होतं, त्यामुळे त्यांना झळ लागायला वेळ लागला.

स्ट्रीमिंगच्या जमान्यात आटलेलं पुनःप्रसारणाचं मानधन, आक्रसत गेलेल्या लेखकांच्या टीम आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा धाक, अशी लेखकांची तक्रार होती. रास्तच होती. पण लेखकांनी संप स्वतः पुकारला होता. बाकीच्यांना कुणी विचारलं होतं?

टीमस्टर्स या संघटनेच्या ट्रकचालकांनी मात्र बाजू निवडली. पहाटे स्टुडिओच्या फाटकाशी मूठभर लेखक फलक घेऊन उभे राहिले, की सामानाचा ट्रक आत जात नसे. ट्रक नाही म्हणजे लाइट नाही, कॅमेरा नाही. त्या दिवसाचं शूटिंगच रद्द. कपडेपटातल्या शिंप्यापासून जेवण पुरवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची रोजी बुडे, चालकाची स्वतःचीही. तंत्रज्ञांचा आरोग्यविमा कामाच्या तासांवर ठरतो. काम नाही तर काही महिन्यांनी विमाही धोक्यात. अनेकांनी निवृत्तिनिधीला हात घातला. त्यातच 14 जुलैला अभिनेतेही संपावर गेले.

काहींनी वाट काढली. रात्रीच्या कार्यक्रमांच्या पाच सूत्रसंचालकांनी ‘स्ट्राइक फोर्स फाइव्ह’ हा पॉडकास्ट काढला आणि त्याचं उत्पन्न आपापल्या बेकार कर्मचाऱ्यांना दिलं. टॉक शोची सूत्रसंचालक ड्र्यू बॅरिमोरनं सप्टेंबरमध्ये लेखकांविना आपला कार्यक्रम सुरू करायचं ठरवलं, तेव्हा एवढा गदारोळ झाला, की ‘नॅशनल बुक अवॉर्ड्स’च्या सूत्रसंचालनाचं तिला दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. तिनं निर्णय फिरवला. आपल्या कर्मचाऱ्यांचे पगार सुरू व्हावेत हेही तिच्या मनात असेल; पण संपाच्या दिवसांत तसं ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं.

148 दिवसांनी, 27 सप्टेंबरला लेखकांचा संप मिटला. 99 टक्के मतांनी करार मंजूर झाला. यंत्रानं लिहिलेल्या मजकुराला साहित्याचा दर्जा नाही, लेखकांच्या टीमला किमान संख्या, गाजलेल्या मालिकांवर बोनस, असं बरंच पदरात पडलं. ट्रकचालकाच्या पदरात त्यातलं काहीच नाही. अभिनेत्यांचा संप 9 नोव्हेंबरपर्यंत चालू राहिल्यानं त्याला आणखी सहा आठवडे वाट पाहावी लागली. पुढेही लॉस एंजेलिसचं काम पूर्वपदावर आलं नाही: 2024 मधले तिथले शूटिंगचे दिवस, कोविडचं 2020 साल सोडलं तर, तोवरच्या नोंदीतले सर्वांत कमी होते. याचं सगळं खापर संपावर फोडता येणार नाही. स्टुडिओंनी हात आधीच आखडता घेतला होता.

आता आपल्याकडचं बघू. मुंबईच्या लेखकांना 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं रॉयल्टीचा हक्क दिला. किमान मानधनाचा सर्वमान्य करार मात्र अजून नाही. तो मागताना संपाचा विषय निघणारच. इथं मालिकेच्या युनिटला केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळतात, आणि त्यावरही उधारी झालेली असते. तेव्हा संपाची नोटीस देण्याआधी लाइटमन, स्पॉटदादा आणि कपडेपटवाल्यांच्या संघटनांना बैठकीला बोलवावं, त्यांच्यासाठी निधीची तरतूद करावी आणि नव्वद दिवसांची अट मोडण्याची मागणी लेखकांच्या मागणीपत्रातच घालावी, असा प्रस्ताव पटकथालेखकांच्या या संमेलनापुढे आहे.