तांबड्या मातीतले सोने



व्याख्यानमालेचे पत्रक गावात वाटले गेले तेव्हापासून आम्हांला रस्त्यात अडवून एकच प्रश्न विचारला जात आहे, "किती सापडले?" त्याचे उत्तर आम्ही अगदी शेवटी देणार आहो. ते आधी दिले तर मागच्या रांगा उठून जातील अशी आम्हांस धास्ती आहे.

आमचा भाचा पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी इंजिनिअर आहे. त्याच्याकडे आम्ही उभयता गेलो असता त्याने एके दिवशी विचारले, "मामा, सोने शोधायला येता का?" आयुष्यभर शाळेत खडू शोधण्यात गेलेल्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारील असे वाटले नव्हते. आम्ही होकार दिला. आमच्या सौभाग्यवतींनी आमच्याआधी दिला.

पर्थहून पूर्वेस सुमारे 600 किलोमीटरांवर कालगुर्ली आणि तिच्या अलीकडे कूलगार्डी. वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट ते नव्हे, ते याहून पूर्वेला लागते. येथे तांबडी माती, खुरट्या मुल्गाची झाडे, मिठाची कोरडी सरोवरे आणि वर्षाला अडीचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, म्हणून शोधणारी मंडळी तिकडच्या हिवाळ्यात, मे ते सप्टेंबर या महिन्यांत बाहेर पडतात. आम्ही जूनमध्ये गेलो. थंडी पहाटेपुरती, माशा दिवसभर.

आता सोने तेथेच का? आपल्या पायाखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तिकडचा खडक सुमारे 270 कोटी वर्षांचा. जमिनीच्या पोटात खोलवर तापलेले पाणी त्या खडकाच्या भेगांतून वर येताना गारगोटी आणि तिच्याबरोबर सोने मागे ठेवून गेले. नंतर कोट्यवधी वर्षे वारापावसाने तो खडक झिजत राहिला. माती गेली, वाळू गेली. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड. ते फार दूर जात नाही, गंजतही नाही. जमीन खाली खाली बसत गेली आणि सोने तिच्या अंगावर उरले. खळ्यात वारा सुटला की कोंडा उडतो आणि दाणा पायाशी पडतो, तसाच हा प्रकार.

हा दृष्टांत आम्ही उगाच दिला नाही. 1892 च्या सप्टेंबरात आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांना कूलगार्डीस सोने सापडले. बेली साडेपाचशे औंसांहून अधिक सोने घेऊन नोंदणीला गेला, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये पॅडी हॅनन व त्याचे दोघे साथीदार यांनी कालगुर्लीचे सोने जाहीर केले. हजारो माणसे धावली. पण नदीकाठी थाळीत वाळू खळबळून सोने वेगळे करण्याची जी जुनी रीत, तिला पाणी लागते; आणि येथे प्यायलाही पाणी नाही! तेव्हा त्या लोकांनी चक्क उपणणी केली. एक थाळी उंच धरायची, माती वाऱ्यावर ओतायची आणि खालच्या थाळीत काय उरते ते पाहायचे. दिवसभर अंगावर तांबडी धूळ घेणारी ती माणसे पाहून आपल्याकडच्या शेतकऱ्याला काहीच नवल वाटले नसते.

पिण्याचे पाणी मिठाच्या सरोवरांतील खारे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून मिळवीत आणि गॅलनाच्या मापाने विकीत. विषमज्वराने माणसे पटापट गेली. शेवटी ओकॉनर नावाच्या इंजिनिअराने पर्थजवळच्या धरणातून साडेपाचशे किलोमीटरांहून लांब नळ टाकण्याची योजना आखली. वृत्तपत्रांनी व राजकारण्यांनी त्याला इतके छळले की 1902 च्या मार्चमध्ये त्याने आत्महत्या केली. जानेवारी 1903 मध्ये पाणी कालगुर्लीला पोचले. तो नळ रस्त्याच्या कडेने आजही आपल्याबरोबर धावतो. आम्ही गाडीतून तासन्‌तास त्याच्याकडेच पाहत होतो.

या मुलखात मालाची ने-आण उंटांनी केली. उंट आणि उंटवाले यांतील पुष्कळसे कराचीहून जहाजाने गेले, आणि कराची त्या काळी आपल्या मुंबई इलाख्यात होती! तिकडे त्या सर्वांना सरसकट 'अफगाण' म्हणत. त्यांत सिंधी, बलुची, पंजाबी सगळेच होते. सोन्याच्या इतिहासात त्यांची नावे फारशी येत नाहीत.

आता यंत्राकडे वळू. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनवाले बेल यांनी शरीरातील गोळी शोधण्यासाठी असेच एक उपकरण चालवून पाहिले. गोळी काही सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधणारे हातातले यंत्र रचले, आणि 1942 मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात ते सैनिकांच्या हाती होते. त्याचेच हे वंशज.

तत्त्व असे. काठीच्या टोकाला तारेचे वेटोळे. त्यातून विजेचा झटका सोडतात आणि लगेच बंद करतात. जमिनीत धातू असेल तर त्या झटक्याने त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि झटका थांबल्यावरही क्षणाचा अतिसूक्ष्म भाग रेंगाळतात. देवळातील घंटेवर टोला दिला आणि हात काढला तरी नाद राहतो ना? मातीच्या मडक्यावर टोला दिला तर राहत नाही. यंत्र तो मागे राहिलेला नाद ऐकते आणि आपल्या कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये सूर बदलतो. मुठीएवढा गोळा असेल तर फूट-दीड फुटावरूनही ऐकू येतो. ज्वारीच्या दाण्याएवढा असेल तर वेटोळे जमिनीला जवळजवळ घासावे लागते.

अडचण एवढीच की तेथील तांबड्या मातीत लोहच लोह. काही दगड तर सोन्यासारखेच बोलतात! मातीचा आवाज वजा करून धातूचा तेवढा ऐकणारी यंत्रे 1980 नंतरच्या वीस वर्षांत सुधारत गेली, आणि त्यांत ऑस्ट्रेलियातल्याच कारागिरांचा वाटा मोठा आहे. म्हणून जुन्या लोकांनी शंभर वर्षे तुडवलेल्या जागी आजही सोने निघते. 1931 साली कूलगार्डीच्या दक्षिणेस एका पोराला पस्तीस किलोंचा गोळा सापडला तो नुसत्या अवजाराच्या टोकाने. पण 1980 मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात जो सत्तावीस किलोंचा निघाला तो या यंत्राने, जमिनीत जेमतेम फूटभर खोल!

आम्हांस काय निघाले? पहिल्या दिवशी सतरा खिळे, डब्यांचे पत्रे आणि बंदुकीच्या गोळ्या. खिळ्यांसाठी टिकावाला लोहचुंबक बांधतात. खिळा त्याला चिकटला की सुटका. शिशाची गोळी मात्र चिकटत नाही, आणि सोनेही चिकटत नाही. तेव्हा प्रत्येक गोळीपाशी छातीत धडधड होते. शिसे आणि सोने यांना सारखाच मान देणारा हा एकच धंदा आम्ही पाहिला.

कायद्याचेही सांगतो. सरकारकडून 'मायनर्स राइट' नावाचा परवाना काढावा लागतो. तो आम्ही दोघांनीही काढला. दुसऱ्याच्या पट्ट्यावर परवानगीवाचून जाता येत नाही, मूळच्या रहिवाशांच्या पवित्र जागांना हात लावता येत नाही, आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवावा लागतो. भाचा या शेवटच्या बाबतीत फार कडक. "मामा, खड्डा!" हे त्याचे दोन शब्द आम्ही झोपेतही ऐकत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हरवलो. यात शौर्य काही नाही. कानाला हेडफोन, नजर जमिनीवर, एका कोरड्या ओहोळात बारीक आवाज येत होते, त्यांच्यामागे चालत राहिलो. मान वर केली तो चारी दिशांना तेच झाड आणि तीच माती. दिशा दाखवणारे उपकरण भाच्याने दिले होते. ते गाडीच्या बॉनेटवर राहिले होते. बाटलीत अर्धे पाणी. गाडीचा हॉर्न ऐकू आला, पण कोणीकडून ते कळेना. हरवलात तर चालू नका, सावलीत बसा, असे भाच्याने बजावले होते. पाय ऐकत नव्हते, आम्ही बळेच बसलो. त्या मुलखात पाण्यावाचून गेलेल्या माणसांच्या गोष्टी आदल्या रात्री शेकोटीपाशी आम्ही मोठ्या चवीने ऐकल्या होत्या.

पाऊणेदोन तासांनी भाचा आला, मागून आमच्या सौभाग्यवती. त्याने आमचा माग कसा काढला? आम्ही बुजवलेल्या खड्ड्यांवरून! नुकत्या उकरलेल्या मातीचा रंग गडद असतो. एकामागून एक तेवीस ठिपके मोजत तो आला. सौभाग्यवती आम्हांला काही बोलल्या नाहीत, ते अधिक लागले.

हे सारे हौसेचे. सुदानच्या वाळवंटात हीच यंत्रे घेऊन हजारो माणसे फिरतात ती पोटासाठी. 2011 मध्ये दक्षिण सुदान वेगळे झाले आणि देशाचे सुमारे तीन चतुर्थांश तेल त्याबरोबर गेले. तेव्हापासून सरकारची भिस्त सोन्यावर पडली. तेथे सोने पाऱ्याने वेगळे करतात, पाऱ्याची वाफ फुप्फुसांत जाते, आणि विहिरींसारखे खड्डे अंगावर ढासळतात. एप्रिल 2023 मध्ये युद्ध पेटल्यावर त्याच सोन्याचा पैसा दोन्ही बाजूंच्या बंदुकांना पुरला आहे. आमच्या बाटलीत अर्धे पाणी होते आणि शोधायला येणारा भाचा होता. त्यांच्यापैकी किती जणांना कोण शोधायला जाते, हा विचार तिकडून परतल्यापासून आमच्या मनातून जात नाही.

असो. आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. चवथ्या दिवशी, निघण्यापूर्वी तासभर, सौभाग्यवतींच्या यंत्राला (आमच्या नव्हे) एक सूर लागला. त्यांनी टिकाव मारला, चुंबक फिरवला. काही चिकटले नाही. आणखी एक शिशाची गोळी, असे आम्ही बोललो. बोटांनी माती चोळता चोळता पिवळे काही चमकले. गावातल्या सराफाच्या काट्यावर ते चाळीस शतांश ग्रॅम भरले. प्रवासखर्चाचा हिशेब आम्ही येथे सांगत नाही.

ते आम्ही या कागदाच्या पुडीत आणले आहे. अध्यक्षांकडे देतो, मग पहिल्या रांगेतून मागे जाऊ द्या. पुडी उघडताना कृपा करून पंखा बंद करा, आणि परत करताना ती सौभाग्यवतींच्या हातात द्या. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.