बी.कॉम., बीबीए की बीएमएस?


बारावी जवळ आली, की घरोघरी एकच खल.
बी.कॉम., बीबीए, की बीएमएस?

बी.कॉम.चं सोपं आहे.
बारावीचे गुण, आणि कॉलेजची गुणवत्ता यादी.
भर हिशेबावर.
सीए व्हायचं असेल, तर ही वाट सोयीची.

बीबीए, बीएमएसचं तसं नाही.
इथे मार्केटिंग, मनुष्यबळ, प्रकल्प, सादरीकरण.
२०२४ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीई, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले.
आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली.
म्हणजे, नुसते बारावीचे गुण पुरत नाहीत.
पुन्हा सांगते, सीईटी द्यावी लागते.
तिचा अर्ज निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो.
"निकाल लागू दे, मग बघू," म्हणणारे इथेच अडकतात.

आता गंमत ऐका.
सीईटी आली, आणि मुंबईतल्या काही कॉलेजांनी पदवीचं नावच बदललं.
बीएमएसचं झालं, बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज.
विषय बरेचसे तेच. सीईटी मात्र नाही!
तेव्हा माहितीपत्रकात पदवीचं पूर्ण नाव वाचा.
अगदी शेवटच्या शब्दापर्यंत.

बारावीनंतर थेट आयआयएमही आहे बरं का.
इंदूरला पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे.
त्याची प्रवेश परीक्षा वेगळी.
आणि लेखी परीक्षेनंतर मुलाखतही होते.